उसनं नाक

माझ्या बायकोलाही हे कधी कळलं नाही. ती एकेचाळीस वर्षं माझ्यासोबत राहिली, आणि दूध करपून घरभर धूर झाला तरी मी जागचा हललो नाही, की म्हणायची, ‘पुस्तकात डोकं घातलं का यांना जगाचं भान राहत नाही.’ मी हसायचो. हसण्यावारी नेणं मला छान जमतं – त्याच्याच जोरावर मी नोकरी केली, पेन्शन घेतली, नाव कमावलं. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित सांगता येतंय.

मला वास येत नाही. एकोणिसाव्या वर्षी मुदतीचा ताप आला, एकवीस दिवस राहिला, आणि जाताना नाक घेऊन गेला. वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, येईल परत. आला नाही. तेव्हापासून आंबा म्हणजे नुसता गोड गर, आणि चहा म्हणजे गरम, गोड पाणी.

आता यात काय गुन्हा, असं तुम्ही म्हणाल. यात नाही. पण मी ज्या कामावर बत्तीस वर्षं होतो ते काम तंबाखूचा वास घेऊन पान पारखण्याचं होतं – मग?

थांबा. सुरुवातीपासून सांगायला हवं.

मी समुद्रपूरकडच्या कुणबी घरातला. मॅट्रिक झालो आणि हिंगणघाटला कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात कारकून लागलो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, पण आमचे मॅनेजर अजून गोरेच होते. म्हातारे, एका पायानं अधू, एकटे. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत. बाकीचे गोरे निघून गेले, हे राहिले. त्यांना दोनच नाद होते – कापूस आणि पाइप.

पाइप म्हणजे चिलीम नव्हे, हे ते मला वारंवार सांगत. विलायतेहून गोल डबा यायचा. त्यात तीन पानांचं मिश्रण – पिवळं गोड पान, बारकं तुर्की पान आणि ते काळं, ज्याच्यावर साहेबांचा जीव होता. शनिवारी दुपारी हिशेबाची वही बंद झाली की ते मला व्हरांड्यात बसवून घेत. भरायचं तीन थरांत – खालचा लहान मुलाच्या हातानं, मधला बाईच्या, वरचा पुरुषाच्या. पहिली काडी निखाऱ्यावर पेटवून नुसती वरून फिरवायची, राख अलगद दाबायची, मग दुसरी काडी. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात धरायचा, घोट घेतल्यासारखा. घाई केली की जीभ पोळते. सावकाश ओढलं की वरच्या थरात एक चव, मधल्यात दुसरी, तळाशी तिसरी – असं ते म्हणत. आणि मग विचारत, ‘वेल बाबू, काय लागलं?’

मला काय लागणार? जिभेला चटका आणि तोंडात उष्ण हवा. पण ‘मला वास येत नाही’ हे चार शब्द तोंडातून निघाले नाहीत. का नाही निघाले? साहेबानं खुर्ची दिली होती. गेटवरच्या जमादारानं मला त्या खुर्चीत बसलेलं पाहिलं होतं. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं त्या दिवशी मी जे बोललो ते माझं नव्हतं. पाइपसाठी शेगडीतला निखारा घेऊन प्रेसमधला श्रावण व्हरांड्याच्या पायरीपर्यंत यायचा. निखारा ठेवताना तो स्वतःशीच पुटपुटला होता, ‘हे काळं पान उन्हात नाई वाळवलं. धुरात टांगलं हाय.’ मी तेच इंग्रजीत साहेबांना सांगितलं.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. वीस वर्षांत, म्हणाले, हिंदुस्थानात हे कुणी ओळखलं नाही.

श्रावण अल्लीपूरचा. जातीनं महार. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, आणि मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला बाबूजी म्हणायचा. कोवळ्या वयात बिडी कारखान्याच्या गोदामात त्यानं तंबाखू चाळण्या-मिसळण्याचं काम केलं होतं. आता गाठी बांधायच्या प्रेसवर होता, हंगामी. दिवाळीला काम सुरू, होळीला बंद.

दर शुक्रवारी मी साहेबांकडून ‘अभ्यासाला’ म्हणून चिमूटभर तंबाखू मागून घ्यायचो. प्रेसच्या मागे जाऊन कागदावर ठेवायचो – हातात द्यायचो नाही, जमिनीवर ठेवायचो. श्रावण उचलायचा, चुरायचा, आधी नुसता हुंगायचा, मग आपल्या चिलमीत घालून डोळे मिटून ओढायचा. आणि बोलायचा. काय बोलायचा! ‘पयले पावसात भिजलेल्या चुलीवानी लागते, बाबूजी. मंग मोहफुलं वाळत घातली का जसा वास सुटते, तसं. आन् मांगून नव्या जोड्याचं चामडं.’ मी पाठ करायचो. शनिवारी साहेबांना विलायती शब्दांत ऐकवायचो. साहेब मान डोलवत. एकदा तर त्यांचे डोळे भरून आले. या गावात आपल्याला समजणारं कुणी आहे, असं त्यांना वाटलं असेल. कोण होतं ते?

श्रावणला मी सांगितलं होतं, मला वास येत नाही. फक्त त्यालाच. तो हसला नाही. एवढंच म्हणाला, ‘मंग तुमाले जेवण कसं लागत असन?’ हे मला त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर कुणीच विचारलं नाही.

मग विलायतेचे डबे यायचे बंद झाले. साहेबांनी ओळखीपाळखीतून सुटी पानं मिळवली – पिवळं गुंटूरकडचं, काळं आणि तुर्की मुंबईहून. ढीग माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, ‘तूच कर.’ मी ‘हो’ म्हटलं. अर्थातच.

श्रावणनं केलं. अकरा दिवस घेतले. पानाच्या शिरा काढल्या, पाण्याचा हात फिरवला, उबेत ठेवलं, तीनदा मोडलं आणि पुन्हा मिसळलं. शेवटी दोन फळ्यांमध्ये घालून गाठीच्या प्रेसखाली तीन रात्री दाबून ठेवलं. वडी निघाली – काळसर, मधे सोनेरी रेघा. सुरीनं पातळ काप काढून मी साहेबांना दिले. ते तासभर सावकाश ओढत राहिले. पाइप संपला, तळाशी पांढरी कोरडी राख उरली, ती त्यांनी मला दाखवली. मग म्हणाले, ‘हे डब्यातल्यापेक्षा चांगलं आहे.’

त्यांनी पत्र लिहून गुंटूरच्या एका तंबाखू कंपनीतल्या मित्राला बोलावून घेतलं. तोही इंग्रज. कंपनीला पान पारखणारा आणि मिसळणारा माणूस हवा होता – बारमाही नोकरी, राहायला घर.

हे मी श्रावणला सांगितलं. का सांगितलं? तेव्हा माझ्या मनात खरंच होतं की त्याचं नाव सांगायचं. निदान मला तसं आठवतं. पण माझ्या आठवणीवर तुम्ही किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

श्रावण म्हणाला, ‘बाबूजी, त्या साहेबाच्या कानावर माहं नाव घालजा. हंगाम सरला का आमची चूल थंडी पडते. बाकी काई नाई मांगत.’

‘घालतो,’ मी म्हणालो.

पाहुणा आला. व्हरांड्यात बसून त्यानं एक पाइप ओढला, दुसरा भरला. कुणी केलं, म्हणाला. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी खाली पाहिलं. ती नम्रता वाटली त्यांना.

मग पाहुण्याला जागा बघायची होती. साहेबांचा पाय दुखत होता, ते व्हरांड्यातच राहिले. मी आणि पाहुणा प्रेसमध्ये गेलो. श्रावण धुतलेला सदरा घालून उभा होता. समोर ताट, ताटात तिन्ही पानं वेगवेगळी मांडलेली. पाहुण्याला मराठी येत नव्हतं, हिंदीही नाही. श्रावणला इंग्रजी येत नव्हतं. मधे मी.

पाहुणा म्हणाला, ‘विचार याला, याचा यात काय भाग आहे?’

मी विचारलं. श्रावण बोलू लागला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. एकेक पान बोटांत धरून दाखवत होता. ‘हे काळं पान मिरचीवानी हाय, साहेब. जास्त झालं का दुसऱ्या कोणाचं आयकू येत नाई. पिवळं गोड हाय, पन जीभ पोळते. मधात हे बारकं, आंबूस पान टाकलं का दोघाइचं भांडण मिटते. पानी कमी पडलं तं पान रागावते, जास्त झालं तं झोपते. मी हातानं पायतो, डोयानं नाई.’

तो थांबला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यानंही पाहिलं.

आता इथे तुम्ही माझ्या डोळ्यांत बघा. बघता येत नसेल तर कल्पना करा. मी घाबरलो नव्हतो. गोंधळलो नव्हतो. मला वेळ होता – प्रेसचं चाक एकदा फिरेल इतका तरी. मी विचार केला, आणि मग इंग्रजीत सांगितलं, ‘तो म्हणतो, बाबू सांगतात तसं मी करतो. आणि विचारतोय, खाली पडलेला चुरा घरी नेला तर चालेल का.’

पाहुणा मोकळेपणानं हसला. ‘नेऊ दे की!’ वाकून त्यानं ताटाखालचा चुरा ओंजळीत घेतला आणि श्रावणच्या हातात दिला. श्रावणनं तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. त्याला वाटलं, मान दिला.

पाहुणा पुढे गेल्यावर त्यानं मला हळूच विचारलं, ‘काय म्हणाले साहेब?’

‘खूष झाले.’

‘माहं नाव सांगतलं?’

‘सांगितलं.’

महिन्याभरात मी गुंटूरला गेलो. हिंगणघाट स्टेशनवर श्रावण आला होता. पुडीत बांधून ज्वारीची भाकर आणि ठेचा आणला होता. म्हणाला, ‘तिकडे मिळन नाई मिळन.’ गाडीत मी ती पुडी उघडली नाही. बल्लारशाच्या पुढे खिडकीतून टाकली. महाराच्या घरची भाकरी म्हणून टाकली की तोंडात घास घालवेना म्हणून, ते आता ठरवत बसत नाही. टाकली.

नोकरी कशी केली? डोळ्यांनी, बोटांनी, आणि शेजारच्या माणसाचा चेहरा वाचून. इतरांनी आधी मत द्यावं म्हणून पाइप सावकाश भरायचो. लोक म्हणत, बाबू घाई करत नाही, खरा जाणकार आहे.

दीड वर्षानं अडचण आली. नव्या पानांचा एक मोठा ढीग घ्यायचा की नाही, हे मला एकट्याला ठरवायचं होतं. कुणाचा चेहरा वाचायला नव्हता. मी रजा काढली, नमुन्याची पुडी पिशवीत घातली आणि हिंगणघाटला उतरून अल्लीपूरची बस धरली. बघा – माफी मागायला निघालो नव्हतो. पुडी घेऊन निघालो होतो.

श्रावण अंगणात दोरी वळत होता. नागपूरला जाऊन तो दीक्षा घेऊन आला होता. घरातले जुने देव गेले होते. चिलीमही सोडली होती. आमच्या साहेबांनी विलायतेला परत जाताना त्याला बोलावून घेतलं होतं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं होतं, ‘बाबू ने तुमको अच्छा काम सिखाया.’ हे त्यानंच मला सांगितलं, दोरी वळता वळता, आवाज न चढवता. बाबूजी म्हणाला नाही.

त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं. मी प्यालो. त्या घरचं पाणी पहिल्यांदा प्यालो, कारण गरज होती.

मग त्यानं विचारलं, ‘माहं नाव सांगतलं होतं, तं बोलावनं काऊन नाई आलं?’

अजूनही खरं सांगता आलं असतं. अंगणात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, ‘मी सांगितलं रे. पण त्या साहेबाले महाराच्या हातचं नको होतं. माह्या हातात काय होतं?’

श्रावणचे हात थांबले. त्यानं दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात नीट अडकवलं. मग म्हणाला, ‘त्या साहेबाले माही जात कशी समजली? तो तं पयल्यांदाच आलता. मी सांगतली नोती.’

मी पिशवीचा बंद सारखा करू लागलो.

‘तुमीच सांगतली असन,’ तो म्हणाला. ‘नाई तं हेबी खोटं.’

त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं, असं वाटतं. तो पुन्हा दोरी वळू लागला. मी पिशवीतून पुडी काढून त्याच्यासमोर धरली – हो, एवढं झाल्यावरही काढली – आणि या वेळी जमिनीवर ठेवली नाही, हातात दिली. त्यानं ती घेतली, न उघडता तळहातावर थोडी तोलली आणि मला परत दिली. ‘साडेचारची बस हाय,’ म्हणाला. ‘चुकन तुमची.’

बस मिळाली. वाटेतल्या पुलाजवळ मी पुडी उघडून उजेडात पान पाहिलं. रंग चांगला होता, चिकटपणाही होता. गुंटूरला जाऊन अहवालात लिहिलं – वास उत्तम, घेण्यायोग्य – आणि खाली सही केली. पान खरोखरच चांगलं निघालं. त्याच वर्षी मला बढती मिळाली.