शिंगांच्या रंगाची बंदूक

आमच्या बंदूकमामांची बंदूक दर वर्षी वेगळ्या रंगाची असायची. एका वर्षी हिरवी, एका वर्षी निळी, एकदा तर भगवी आणि वर पिवळे ठिपके. नळी काळीच, पण लाकडी दस्त्याचा रंग पोळ्याला बैलांच्या शिंगांना जो दिला असेल तोच. शिंगं रंगवून डबीत जे उरे ते मामा वाया जाऊ देत नसत. पोळा झाला की त्यांच्या गावात, सेनगावकडे, लोक ओसरीवर डोकावून विचारायचे, "आबा, औंदा कोणता रंग?" निवडणुकीच्या काळात सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या. परत घेताना बाकीचे परवान्यावरचा नंबर जुळवत बसत. मामा दारातूनच बोट दाखवत, "ती हिरवी द्या."

बंदूक मुळात त्यांच्या वडिलांची, शिकारीच्या काळातली एकनळी. पुढे शिकार बंद झाली आणि परवाना पिकाच्या राखणीचा झाला. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं सोयाबीन, भुईमूग लोळवून जात, म्हणून मामा संध्याकाळी ती खांद्याला अडकवून बांधावर फिरत. त्यांनी कधी काही मारल्याचं ऐकिवात नाही. काडतूस महाग, म्हणून आधी तोंडी समज. रोह्यांच्या कळपाला ते मोठ्यानं सांगत, "चला, निघा आता. बार काढायला लावू नका." तरी नाही गेले तर आभाळात एक बार. रंगामुळेच रोही बुजतात असा त्यांचा दावा होता. मामी घरातून म्हणायची, "रंगाला न्हाई, तुमच्या तोंडाला भेतेत."

माझं हिंगोलीत रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. शिंगांचा रंग कमी पडला की मामा बाजाराच्या दिवशी यायचे आणि काउंटरवर कोपर टेकून हळूच विचारायचे, "भाच्या, मेलेला डबा हाय का एखादा?" मेलेला म्हणजे चेपलेला, झाकण गंजलेला, वर साय धरलेला. असे डबे मी वेगळ्या फळीवर ठेवतो. ते मामा हलवून, कानाशी लावून निवडत.

मला कामाचा क्रम लागतो. मी एकदा त्यांना नीट सांगितलं: जुना रंग खरवडून काढा, पॉलिश पेपर मारा, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरा, मग प्रायमर, मग रंगाचे दोन पातळ हात, आणि प्रत्येक हात वाळू द्या. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"एवढं तर लोक नवरीला न्हाई करत," ते म्हणाले.

"मामा, लाकूड टिकेल."

"लाकूड टिकून राहिलंच की. माझ्या बापापून टिकून राहिलंय."

खरवडायला त्यांच्याकडे फुटक्या काचेचा तुकडा होता. ब्रश म्हणजे दाढीचा जुना ब्रश. एकदा घाईत नवा आणि जुना यांची अदलाबदल झाली आणि मामा कानाखाली निळे होऊन लग्नाला गेले. मामी मांडवात ज्याला त्याला सांगत होती, "लेकरागत हाय ह्यो माणूस. ह्याला कोण परवाना दिला काय की."

मामी ठेंगणी आणि भराभर बोलणारी. घरातल्या हत्यारांची पूजा तीच करायची. खंडेनवमीला विळे, कुऱ्हाड, वखराची पास आणि बंदूक पाटावर मांडायची, झेंडूची फुलं वाहायची आणि प्रत्येकावर हळदीची पाच बोटं ओढायची. एका वर्षी पाऊस लांबला, दमट हवा, आणि मामांनी काटकसरीत वरची पायरी गाठली. त्या वर्षीचा भगवा रंग पातळ करायला टर्पेंटाइन नको म्हणून त्यांनी त्यात ट्रॅक्टरचं डिझेल ओतलं. डिझेल घातलेला रंग वाळत नाही. नवमीला दस्ता गुळाच्या ढेपेसारखा चिकट होता. मामीनं नेहमीसारखी पाच बोटं ओढली ती रंगात रुतली. हळद आत बसली आणि झेंडूच्या पाकळ्याही तिथंच राहिल्या.

पुढं तपासणीला बंदूक ठाण्यात न्यावी लागली. मामांबरोबर मी गेलो होतो. जमादारानं दस्ता उलटासुलटा केला, एक पाकळी नखानं उचकटून पाहिली.

"आबा, हे काय लावलंय?"

"लावलं न्हाई साहेब. पूजा चिकटली."

जमादार हसला आणि शिक्का मारला. घरी आल्यावर मामी कपाळावर हात मारून म्हणाली, "पुढल्या पोळ्याला खरवडून काढा ते. सगळ्या तालुक्यात माझ्या हाताची शोभा झाली."

पुढल्या पोळ्याला मामी नव्हती. त्याच हिवाळ्यात, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. पोळा आला तसं मी एक मेलेला डबा बाजूला काढून ठेवला, पण मामा आले नाहीत. दिवाळीच्या आधी आले. काउंटरवर कोपर टेकलं नाही.

"रंग नको. पाण्यासारखं असतंय ते दे. वरून मारलं की खालचं दिसतंय ते."

मी क्लिअर व्हार्निशचा डबा दिला. दस्ता आता वाळला असेल का, असंही विचारलं.

"वाळला. आता वाळला," मामा म्हणाले.

त्यानंतर बंदूक एकाच रंगाची राहिली: मळकट भगवी, त्यात पिवळी पाच बोटं. दर वर्षी ते वरून व्हार्निशचा एक हात देत. गावातल्या लोकांनी रंग विचारायचं सोडून दिलं.

मग मामांचे डोळे गेले. अगदी आंधळे नाही, पण समोरचा माणूस आवाजावरून ओळखायचे. परवान्याच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो, तो मिळणार नव्हता. त्यांच्या मुलानं शेताला झटका मशीनचं कुंपण केलं होतं, त्याला बंदूक नको होती. नांदेडचा एक परवानेवाला बंदूक दुकानदार ती घ्यायला तयार झाला. ठाण्याचं पत्र, दुकानदाराची तारीख, सगळं मी लावून दिलं. मुलगा म्हणाला, "बाबा, काम झालं." मामा म्हणाले, "नळी न्या. लाकूड मी देत न्हाई."

मुलाला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. मला फोन करून म्हणाला, "दादा, तुमी समजवा. लाकडासाठी काहून अडून बसलेत?"

मी गावी गेलो. मामा ओसरीत बसले होते, बंदूक मांडीवर. मी म्हटलं, "मामा, दस्त्याशिवाय दुकानदार घेणार नाही. मामीचा फोटो आहे की भिंतीवर. मोठा करून आणतो."

"फोटो दिसत न्हाई आता," मामा म्हणाले. "हात दे इकडं."

त्यांनी माझी बोटं धरून दस्त्यावर ठेवली. एवढे व्हार्निशचे हात देऊनही हळदीच्या रेघा बोटाला लागत होत्या. पाच रेघा. करंगळीची जरा वाकडी.

"हे लागतंय," ते म्हणाले. "बाकी समदं धुरकट."

मी ओसरीतूनच दुकानदाराला फोन केला. दुसरा दस्ता बसवून दिला तर चालेल का? तो म्हणाला, तशाच बंदुकीचा एक जुना दस्ता गोदामात पडून आहे, रंग पार उडालाय, रंगवून आणा, माझा मिस्त्री बसवील. नंबर लोखंडावर असतो, लाकडाचं एवढं काही नाही. ठाण्यातही विचारून घेतलं. चालेल म्हणाले.

तो दस्ता मी मागवून घेतला आणि मामांना माझ्या घरी आणलं. माझ्या दुकानातला पोरगा रंगवील, असं मी म्हटलं तर मामा भडकले. "माझी बंदूक चाललीय. मी रंगवीन." अंगणात पोतं टाकून बसले. काच घेतली, जुना रंग काढला. पॉलिश पेपर मारला आणि लाकूड गालाला लावून पाहिलं, कुठं खरखरीत राहिलंय का. भेगा नखानं शोधून लांबी भरली. प्रायमर दिला. मी न सांगता ते सगळा क्रम पाळत होते, म्हणजे इतकी वर्षं त्यांना तो पाठ होता.

"आता काहून एवढं करून राहिले?" माझ्या बायकोनं विचारलं.

"दुसऱ्याच्या घरी चालली ना बाई. तिथं तिला कोणी नाव ठिवू नये."

रंग त्यांनी तपकिरी मागितला. नवा डबा, माझ्याकडचा सगळ्यात चांगला. पहिला हात दिल्यावर दिवसभर कुणाला अंगणात फिरकू दिलं नाही, धूळ बसेल म्हणून.

नांदेडला मिस्त्रीनं स्क्रू काढले, जुना दस्ता बाजूला ठेवला आणि नवा बसवला. बंदूक अगदी चारचौघींसारखी दिसू लागली. मामांनी नळीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "बराबर हाय." मग सुटा दस्ता खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून काखेत मारला.

हिंगोलीच्या स्टँडवर मी त्यांना सेनगावच्या गाडीत बसवलं. मुक्काम करा म्हटलं तर ऐकेनात. मामांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं. त्या पावसाळ्यात तेही गेले.

गाडी सुटायची होती. मी खिडकीशी उभा होतो. कंडक्टर तिकिटं देत त्यांच्यापर्यंत आला. मामांनी आधार कार्ड पुढं केलं. वयामुळं त्यांना प्रवास फुकट होता.

"पोत्यात काय हाय, आजोबा?"

"आमची घरवाली."

कंडक्टरनं पोत्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"बायांना हाफ हाय ना?" मामा म्हणाले. "मग फाड एक हाफ. सेनगाव."

कंडक्टर हसला आणि पुढच्या सीटकडं वळला. मामांनी त्याची बाही धरली. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हाही त्यांनी ती सोडली नव्हती.