तीन गोदामांचा सदरा

सदर वस्तीत कुणाला शेड पाडायची असो, कुंपण काढायचं असो, की मागच्या परछीतला, म्हणजे पडवीतला, कुजका लाकडी ओटा उखडायचा असो, चहाच्या टपरीवर विचारलं की एकच नाव मिळे: देवाजी. बांधणारे गवंडी ढीगभर. नीट पाडणारा माणूस शोधावा लागतो. देवाजीचे चार गडी होते, एक बैलबंडी होती आणि निघालेला माल निवडून विकणारी बायको होती, बायजाबाई. मजुरी तो घेतच नसे. जो पाडेल त्याचा माल, हा त्या धंद्याचा रिवाज. लाकडाच्या बल्ल्या, छपराचे कवेलू, तार, सगळं पाडणाऱ्याचं.

त्याचा स्वतःचाही एक नियम होता. छपरावरचं पहिलं कवेलू जागा वापरणाऱ्याने स्वतः काढून त्याच्या हातात द्यायचं. मालकाने नव्हे, वापरणाऱ्याने. तरुणपणी मालकाच्या शब्दावर त्याने एक ‘रिकामी’ खोली पाडली होती आणि संध्याकाळी भाडेकरू कामावरून आला आणि आपली चूल मलब्यात शोधू लागला. तेव्हापासून हा नियम.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याला एका बंगल्याचे मालक गोपाळराव यांनी बोलावलं. त्यांनी फियाट घेतली होती. ती उभी करायला अंगणातली शेड आणि बांबूचं कुंपण हटवायचं होतं. कळमेश्वरला त्यांचा कारखाना निघणार होता. हे काम आजच्या आज चोख झालं, तर तिथली तीन जुनी गोदामंही तूच पाड, असं ते म्हणाले. बायजाबाईने त्या मालातून आपल्या घराला पक्क्या भिंती मनातल्या मनात बांधूनही टाकल्या.

कुंपण सकाळीच निघालं. देवाजी शेडमध्ये वाकून बघतो तर इस्त्रीचं टेबल, आणि इस्त्रीत निखारे अजून लाल. गोपाळराव म्हणाले, ती तुळजाबाई परटीण, इतकी वर्षं फुकट बसली, तिला सांगून झालंय. कवेलूच हवं ना, मी काढून देतो. देवाजीने हात पुढे केला नाही. तो फाटकाबाहेर जाऊन बसला आणि गड्यांनी बिड्या पेटवल्या.

कपडे पोचवून तुळजाबाई आली. उखडलेलं कुंपण पाहून तिने गोपाळरावांना सोडून आधी देवाजीलाच धुतलं. तिचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, “पहिलं कवेलू मले तुह्या हातून पायजे. नाही देत म्हणशील तर मी चाललो.”

“तू जाशीन गा, पण उद्या दुसरा येईन. त्याले माह्या हातचं कवेलू लागन का?”

तिने पदराने तोंड पुसलं.

“जो पाडते त्याचा माल ना?”

“हो.”

“मंग मीच पाडतो.”

पदर खोचून ती टेबलावर चढली. पहिलं कवेलू काढलं आणि देवाजीने पुढे केलेल्या हातात न देता आपल्या बाजूला रचलं. मग दुसरं. गडी हसू लागले. देवाजी हसला नाही. आपलाच रिवाज आपल्यावर उलटला हे त्याला कळलं होतं. थोड्या वेळाने तो म्हणाला की एकटीनं होणार नाही, आणि काम तर आजच संपायला पाहिजे.

“मंग लाव ना तुहे गडी. जेवण माह्याकडे.”

देवाजी त्या दिवशी जेवणावर राबला. संध्याकाळी अंगण लख्ख झालं आणि गोपाळराव खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फियाट बाहेर काढली, तर फाटकासमोर, रस्त्यापलीकडे नाल्याच्या काठी त्याच बल्ल्या, तेच कवेलू, तेच टेबल, आणि तुळजाबाई इस्त्रीत फुंकर घालत बसलेली. बल्ल्या देवाजीनेच रोवून दिल्या होत्या. तेवढं तिने मागितलं नव्हतं.

गोपाळरावांचं म्हणणं एवढंच होतं, की मी शेड हटवायला सांगितली होती, समोर नेऊन मांडायला नाही. ते चूक होतं असं म्हणता येत नाही. गोदामांचं काम दुसऱ्याला गेलं.

बायजाबाई काही दिवस नवऱ्याशी बोललीच नाही. मग तुळजाबाई देवाजीचे कपडे फुकट इस्त्री करून पाठवू लागली आणि बायजाबाईला बोलायला विषय मिळाला. दर दसऱ्याला देवाजी दीक्षाभूमीवर जायला निघे, अंगात पांढराशुभ्र सदरा, बाहीवर सुरीसारखी घडी. बायजाबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणे, “पाह्य वं, तीन गोदामं अंगात घालून चालले.”