समुद्रातला ठिपका

नकाशाचं प्रमाण आणि दिशा शिकवायला घेतल्या की मुलांचे डोळे जड व्हायचे. म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, विरारच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर मी एक शक्कल लढवली. आजोबांचं मूळ गाव घरी विचारायचं, महाराष्ट्राच्या कोऱ्या नकाशावर तिथून विरारपर्यंत रेघ ओढायची, दोरा लावून अंतर मोजायचं. वर्गात बहुतेक नव्या इमारतींमधली मुलं. रत्नागिरी, सातारा, गिरगाव अशा रेघा भराभर आल्या आणि मी स्वतःवरच खूश झाले.

अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली एक मुलगी होती. तिच्या नकाशावर रेघच नव्हती. किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या कोऱ्या जागेत, एक ठिपका होता. मी खाली लाल शाईने लिहिलं, 'समुद्रात कोणाचं गाव नसतं. पुन्हा कर.' वर्गालाही वाचून दाखवलं. वर्ग हसला, मीही हसले.

दुसऱ्या दिवशी तिने रत्नागिरीपासून सुबक रेघ ओढून आणली. अंतर बरोबर, दिशा बरोबर. दहापैकी दहा देऊन मी तो नकाशा भिंतीवर लावला.

पालकसभेला तिचे आजोबा आले. चष्मा लावून बराच वेळ भिंतीपुढे उभे राहिले.

"बाई, आमी रत्नागिरीचे कधी झालो?"

मुलगी चपलांकडे बघत होती. आजोबा रागावले नव्हते, तेच मला जास्त लागलं. मी ठिपक्याचं सांगितलं, तेव्हा त्यांच्याकडून कळलं: समुद्रात खुंट ठोकून जाळी बांधायची त्यांची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती. भावाभावांत वाटण्या झाल्या की शेतासारखी तीही वाटली जायची.

"घर तीनदा सरकलं किनाऱ्यावरनं. ती जागा नाय हलली."

पाण्यात ती सापडते कशी, असं मी विचारलं.

"किल्ल्याचा बुरूज आनि मागचा डोंगर एका रेघेत धरायचा. दुसऱ्या अंगाला देऊळ आनि ताड. दोन रेघा मिळतात तिथं आमचा खुंट."

हेच मी पुढच्या महिन्यात फळ्यावर शिकवणार होते. मला लाज वाटली. शिक्षकांना ती लपवायची सवय असते, म्हणून मी घाईघाईने नकाशा उतरवला, रेघ खोडली आणि पेन्सिल मुलीच्या हातात दिली. तिने आधी आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, ठिपका दिला तर किती मार्क कापणार?"