सुभेदारांचा पाय

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलताना तुमच्यातल्या धाकट्याने विचारलं, "आजी, तुझ्या कपातला चहा आपोआप का हलतोय?" टेबलाखाली माझा पाय हलत होता. मी तो आवरला आणि विषय बदलला. उत्तर देणं राहून गेलं, आणि राहून गेलेलं काम मला झोपू देत नाही, हे तुमच्या आईला विचारा. तर उत्तर असं, की तो पाय माझा नाही. तो सुभेदारांचा आहे.

सुभेदार मूळचे वडूजकडचे. पलटणीतून निवृत्त होऊन साताऱ्यात आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले, तेव्हा तुमची आई कॉलेजात होती. उंच, ताठ, मिशा कातरलेल्या, आणि उजवा पाय सतत हलता. चहा पिताना, पेपर वाचताना, दाढी करतानासुद्धा. विहारात वंदनेला बसले की तेवढा वेळ पाय थांबे, पण मग अंगठा हले. सुभेदारीण म्हणायच्या, "निजल्यावर बी थांबत न्हाई, बाई. दोन गोधड्या फाडल्यात पायानं."

तुमच्या आजोबांना जाळीकामाचा नाद होता. प्लायवुडवर नक्षी काढायची आणि केसासारख्या बारीक पात्याच्या करवतीने ती कापायची. एकदा ते मागच्या पडवीत कापत बसले होते, तेव्हा सुभेदार कुंपणावरून म्हणाले, "आवं साहेब, हातानं कवा व्हायचं हे? घरात शिवणाची मशीन हाय का?" होती. माझ्या लग्नातली, पायाने चालवायची. मी ती देण्याचं कबूल करायच्या आतच ती उचलून पडवीत आली होती. आठवड्याभरात सुईच्या जागी पातं बसलं, खाली स्प्रिंग लागली, आणि सुभेदारांच्या पायाला अखेर काम मिळालं.

मग दर रविवारी सकाळी आमच्या पडवीत बैठक बसू लागली. वाईहून पहिल्या एस.टी.ने एक निवृत्त पोस्टमास्तर यायचे, खिशात भिंग घेऊन. मी आधी फक्त चहा द्यायची. मग पात्यांच्या पुड्यांवर नंबर घातले, काचकागद डब्यांत लावले, आणि एके दिवशी स्वतःच चमचे अडकवायचं एक चमचाळं कापलं. पोस्टमास्तरांनी भिंगातून ते पाहून सांगितलं, "बाई, चमचे पडतील, पण काम स्वच्छ आहे."

या कामाचा एक नियम आहे. आधी आतली नक्षी कापायची. प्रत्येक खिडकीत, म्हणजे कापून काढायच्या जागेत, बारीक भोक पाडायचं, त्यातून पातं ओवायचं, तेवढा तुकडा काढायचा, पुन्हा पुढचं भोक. बाहेरची रेघ सगळ्यांत शेवटी. कारण भोवती फळी असते तोवर हाताला धरायला जागा असते आणि नाजूक भाग तुटत नाही. सुभेदारांना हे सगळं माहीत होतं. पण त्यांना दम निघत नसे. ते बाहेरची रेघ आधी कापायचे.

"आकार तर बघू द्या की," असं म्हणत मशीन धडधडवायचे. घोडा सुटा व्हायचा, तो सगळ्यांना फिरवून दाखवायचे, आणि मग आतला लगाम कापताना टक्. पातं तरी तुटे, नाहीतर घोड्याची मान. कधी काही तुटायच्या आधीच त्यांचं मन पुढच्या चित्राकडे धावे. अर्धे राहिलेले घोडे, बोटी, वेली एका खाकी पिशवीत जायच्या. पोस्टमास्तर त्या पिशवीला 'हॉस्पिटल' म्हणायचे.

जानेवारीत सांगलीला या छंदाची माणसं एका शाळेच्या वर्गात जमत. प्रत्येकाने एक पुरी झालेली वस्तू आणून बाकावर मांडायची, एवढीच रीत. सांगलीचे एक टेलर त्यात वडीलधारे होते. ते दर वर्षी विचारायचे, "सुभेदार, यंदा काय पेशंट आणलाय का?" सगळे हसायचे, सुभेदारही हसायचे. फक्त पाय जास्त जोरात हलायचा.

सुभेदारणींनी नवऱ्याकडे एकच वस्तू मागितली होती. घरातल्या बुद्धमूर्तीच्या मागे लावायला पिंपळाचं पान, सगळ्या शिरांसकट. शिरांमधल्या जागा कापून काढायच्या, शिरा तेवढ्या ठेवायच्या. सुभेदारांनी ते चारदा सुरू केलं. चारही पानं हॉस्पिटलात गेली.

एका पावसाळ्यात त्यांच्या उजव्या पायाला खिळा लागला. साखर होती. डॉक्टरांनी पाय उचलून पडून राहायला सांगितलं, आणि हे तिसऱ्या दिवशी पडवीत येऊन मशीन चालवू लागले. मी रागावले. "बाई, पडून माणूस जास्त मरतंय," म्हणाले. दिवाळीच्या आधी तो पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी भेटायला गेले तेव्हा ते छताकडे बघत होते. म्हणाले, "बाई, कुणाला सांगू नका. अजून हालतोय त्यो. न्हाई तिथं हालतोय." मी उगाच उशीची खोळ नीट केली.

डिसेंबरात त्यांचा मुलगा महिन्याच्या रजेवर आला. तोही फौजेत, लांब उत्तरेला. रजा संपली की आईवडिलांना घेऊन जाणार होता. तो आला त्याच दिवशी सुभेदार कुबड्यांवर पडवीत आले आणि मशीनसमोर बसले. डाव्या पायाने चालवू लागले. ताल जमेना, चाक उलटं फिरे, तीन पाती तुटली. फळीवर कार्बनने पिंपळाचं पान उतरवलेलं होतं. पाचवं.

मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि पेडलवर पाय ठेवला. "फळी तुम्ही धरा," मी म्हटलं.

"तुमी?"

"मशीन माझीच आहे."

महिनाभर रोज सकाळी आम्ही बसलो. पानाला बावन्न खिडक्या होत्या. पाय माझा असल्याने वेगही माझा. त्यांचा जीव वरखाली व्हायचा.

"आवं, जरा जोरात!"

"नाही चालवणार."

"बैलगाडी बरी हो यापेक्षा. एक डाव बाहेरची रेघ मारू, नुसता आकार बघू."

"सुभेदार, आतलं आधी."

"पलटणीत असता तर लय पोरं पळून गेली असती तुमच्या हाताखालनं," असं पुटपुटत ते पुढचं भोक पाडायचे. पण महिन्यात एकच पातं तुटलं. गंमत अशी की ते हळूहळू निवत गेले आणि मी बिघडले. रजेचे दिवस संपत होते, खिडक्या संपत नव्हत्या. माझा पाय जेवणाच्या टेबलाखाली चालू लागला, मग मी शिकवायचे त्या शाळेत पेपर तपासताना, मग अंथरुणात.

बाहेरची रेघ आली ती सांगलीच्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी. देठाशी पोचल्यावर त्यांनी हात उचलला. "थांबा बाई." मी थांबले. त्यांनी तळवा पानावर ठेवला. "आता लय सावकाश चालवा," म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा आणि शेवटचे ऐकले.

सांगलीत टेलरनी पान उजेडाकडे धरून एकेक शीर पाहिली. "पुरं आहे, सुभेदार," ते म्हणाले.

"व्हय. पण पाय बाईंचा हाय त्यात," सुभेदार म्हणाले. सुभेदारणींनी पान हातातून घेतलं, पदरात गुंडाळलं आणि मग कुणाला पाहायलासुद्धा दिलं नाही.

संध्याकाळी मिरजेहून त्यांची गाडी होती. खिडकीतून त्यांनी खाकी पिशवी माझ्याकडे दिली. "हॉस्पिटल तुमच्या ताब्यात," म्हणाले. गाडी हलली तेव्हा त्यांच्या मांडीवरची चादर हलत होती.

तिसऱ्या वर्षी मुलाचं पत्र आलं. सुभेदार गेले. पान मूर्तीच्या मागे आहे, आई रोज पुसते, असं त्याने लिहिलं होतं.

पिशवीतला एकेक तुकडा मी खळीने जाड पुठ्ठ्यावर चिकटवला, म्हणजे धरायला जागा झाली, आणि आतलं कापून पुरा केला. यादी कपाटात आहे. एक उंट तेवढा राहिलाय. इतकी वर्षं मी तो बाकी ठेवलाय, मी, जी विजेचं बिल आलेल्या दिवशी भरते. त्याच्यासमोर बसते, पाय चालू लागतो, आणि हात पुढे जात नाही.

मे महिन्यात याल तेव्हा मशीनला तेल दिलेलं असेल. फळी तुम्ही धरा. पायाचं मी बघते.