बिघडलं की काकू, जमलं की काका

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी रामटेकले घरीच होतो. आईले सांगितलं, तर ती म्हणाली, "पुरे तुझी मस्करी." तिचंही काही चुकलं नाही. फोनवर अख्ख्या गल्लीचे आवाज काढून मी लोकाईले फसवत आलो आहे... त्या दिवशी आवाज माझाच होता.

काका हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर. हुडकेश्वरले घरी पोचले की बूट काढायच्या आधी कॉम्प्युटर सुरू. प्रोग्रॅमिंगचा शौक, शिकवलं कोणीच नाही. आधी साध्या नोटपॅडमध्ये लिहायचे. एक कंस सुटला की तो शोधण्यात संध्याकाळ जायची. मग चूक लाल करून दाखवणारा एडिटर आला, मग अर्ध्या शब्दावरून उरलेला सुचवणारा. कालची प्रत सांभाळून ठेवणारं टूल मिळालं, तेव्हा तर पेढे वाटले. "आता बिनधास्त बिघडवतो गा, कालचं परत येते!" महिन्याचं काम रविवारच्या दुपारी होऊ लागलं. त्यातूनच कॉलनीच्या पाण्याचा टँकर-प्रोग्रॅम झाला : टँकरवाल्यानं निघताना मेसेज टाकला की ज्या गल्लीची पाळी, तिच्या फोनवर खबर.

शेवटचं टूल म्हणजे, सेव्ह केल्याबरोबर सगळं स्वतःच तपासणारं. स्क्रीनकडे पाहायचाही कंटाळा, म्हणून काकांनी त्याले मी काढलेले आवाज जोडले. बिघडलं तर काकूचा : "अजी, केला ना सत्यानाश!" जमलं तर काकांचा स्वतःचाच : "झालं वं, चहा मांड!" स्वतःची नक्कल ऐकून पोट धरून हसले. "मी इतका नाकात बोलतो का बे?"

तेरवी झाली अन् टँकरवाल्यानं नंबर बदलला. प्रोग्रॅम जुनाच नंबर ओळखत होता, मेसेज बंद. बाया दारात येऊन विचारू लागल्या, "आमची गल्ली कधी?" काकू मले म्हणाली, "हे सुरू करून दे गा. त्याईचं एवढंच तर चालून राहिलं होतं घरात..."

त्याईच्या खुर्चीत बसलो. नवा नंबर टाकला, सेव्ह केलं.

"अजी, केला ना सत्यानाश!"

स्वयंपाकघरातून काकू ओरडली, "मी कुठं काय बोलली?"

नंबरात एक आकडा कमी पडला होता. तो टाकला.

"झालं वं, चहा मांड!"

आवाज माझा आहे हे काकूले पक्कं माहीत. मी तो भरला तेव्हा ती बाजूलेच भाजी निवडत बसली होती. तरी आत गॅस पेटल्याचा आवाज आला. अन् मग तिचा, खराखुरा...

"मांडला जी."