गच्चीवरचा पंचमीचा माठ

"काकी, सुरी खाली ठेवा! पाहुणे येईपर्यंत त्या माठाचं एक पान तुटता कामा नये!"

आमच्या टॉवरचा सेक्रेटरी तेविसाव्या मजल्यावरच्या गच्चीतून असा ओरडला, की तिकडे भायखळ्याच्या बाजारात तराजूची पारडी हलली असतील. ऋषिपंचमीची सकाळ. समोर माझी ऐंशी वर्षांची आई, उपाशी, हातात भाजीची सुरी. तिच्या मागे खुद्द सेक्रेटरीची बायको, तीही उपाशी, हातात परडी. पण या माणसाने स्वतःच्या बायकोकडे शेवटचं नीट पाहिलं ते लग्नातला अंतरपाट दूर झाला तेव्हा.

पंचमीला बायका ऋषीची भाजी खातात, आणि तिला बैलाचे श्रम लागलेले चालत नाहीत. हाताने पेरायचं, हाताने खुडायचं. गावी आई परसातली खायची. ते घर कुलपात गेल्यापासून दादरच्या मंडईतली आणते. "बैल कुठला काकी, ट्रॅक्टर आहे ट्रॅक्टर," असं भाजीवाला छातीवर हात ठेवून सांगतो. मग आई ती भाजी खोटी साक्ष चावावी तशी चावते. यंदा तिने हट्ट धरला, "माका पंचमीक माझ्या हातची मूठभर भाजी होई." गच्चीवर टबभर मातीला परवानगी, एवढीच मागणी. मृगाच्याही आधी केलेली.

पण गच्चीची किल्ली सेक्रेटरीच्या जानव्याला. टबभर माती ऐकून त्याला शेतकी महाविद्यालय दिसायला लागलं. समिती नेमली. (मीही होतो समितीत. वडे चांगले असायचे.) मृग गेला, आर्द्रा गेली, आम्ही ड्रम निळे की हिरवे यावर बसलो. आषाढ सरला, आम्ही वेलींच्या मांडवाचा नकाशा पाहत होतो, प्रोजेक्टरवर. बाहेर पाऊस नुसता फुकट चालला होता. शेणखत आलं, तर त्यात बैलाचं शेण असल्यास ते बैलाचे श्रम धरावेत का, यावर चार विद्वान चार दिवस भांडले. त्यातल्या तिघांनी बैल फक्त पोळ्याच्या फॉरवर्डमध्ये पाहिलेला.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी एकदाची पेरणी झाली. म्हणजे पंचमीला उरले वीस दिवस. आणि या महापुरुषांनी चाळीस ड्रमांत पेरलं काय? पडवळ, दुधी, काकडी! दोन महिन्यांची पिकं! आई म्हणाली, "उशीर झालाहा बाबांनो, आता फक्त माठ येतलो."

"काकी, हे हायब्रीड आहे," सेक्रेटरी म्हणाला. जणू हायब्रीड बियाणं कॅलेंडर वाचून वाढतं.

आईने वाद घातला नाही. ड्रमांना पाणी घालायला गच्ची आता रोज सकाळी उघडी असायची. नातवाचा आंघोळीचा फुटका टब पाण्याच्या टाकीमागे ओढला, त्यात माती भरली, चहाचा चोथा मिसळला आणि माठाचं बी चिमटीने भुरभुरलं. रोज सकाळी गुडघे धरत वर जायची. लिफ्ट बावीसपर्यंतच, पुढचा जिना पायी. पंचमीला ड्रमांत वीतवीतभर वेल होते, मांडवाकडे आ वासून पाहणारे. फळ सोडा, फूलही नाही. साऱ्या गच्चीत खाण्याजोगं काय होतं, तर टबातला तो लालचुटुक माठ.

आणि अकरा वाजता उद्यानाच्या उद्घाटनाला पाहुणे. म्हणून ती बोंब. "फोटोत काय दाखवू मी, काकी? काय दाखवू?"

"तुझा तोंड दाखव," आई म्हणाली आणि सगळा माठ कापून परडीत घातला. परडी कोणाची, ते त्या शहाण्याच्या अजूनही लक्षात आलं नव्हतं. दोघी हळूहळू जिना उतरून गेल्या.

मग त्याने जे केलं ते पाहायला मिळावं म्हणून मी आणखी तीन समित्यांवर बसेन. वॉचमनला दादरला पिटाळून डझनभर पडवळं आणवली आणि हाराच्या दोऱ्याने मांडवाला बांधली. वीतभर वेल आणि दीड हात पडवळ! पाहुणे गणपतीच्या गर्दीत अडकून दीड वाजता उगवले. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघत एक पडवळ ओढलं. त्याबरोबर दोरा आला, मांडवाची काठी आली, आणि पडवळाला मंडईतला रबरबँड तसाच होता. "वा! एकदम ऑरगॅनिक!" पाहुणे म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, माणसाने वड्याला जागावं.

अडीचला आमची बेल वाजली. दारात सेक्रेटरी, हातात रिकामी वाटी, आवाज पार तळघरात गेलेला.

"काकी, मिसेसचा उपास आहे सकाळपासून. बाजारातलं पडवळ तिला चालणार नाही. तुमच्याकडची थोडी भाजी मिळाली असती तर…"

आई पाटावरून उठलीसुद्धा नाही.

"ती जेवली मगाशीच."