पाच बोटांचा रणगाडा

टायपिंगमध्ये अंगठ्याला एकच काम असतं, स्पेस बार. बाकीची सगळी अक्षरं उरलेल्या आठ बोटांना वाटून दिलेली असतात. कोणत्या बोटाने कोणती कळ दाबायची हे ठरलेलं असतं आणि त्यात बदल चालत नाही. आमचे वडील हे पंचवीस वर्षं शिकवत होते. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. जळगावात बस स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, खताच्या दुकानाच्या वर आमचा क्लास होता. बावीस टाइपरायटर, चार बॅचेस. पहूरकडच्या मुली एसटीचा पास काढून सकाळी सातला यायच्या. मी पदवी झाल्यावर तिथेच एका कोपऱ्यात दोन कॉम्प्युटर मांडून कॉम्प्युटरचे वर्ग सुरू केले होते. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती, आणि टायपिंगला येणारी मुलं कमी होत चालली होती.

नानांचं दुखणं प्रथम कागदावर दिसलं. मुलांना सरावासाठी द्यायचे उतारे ते स्वतः टाइप करायचे. एका सोमवारी मला त्यांच्या उताऱ्यात शब्दाला शब्द चिकटलेले सापडले. पहिल्या पानावर चार ठिकाणी, दुसऱ्यावर नऊ. ते म्हणाले, स्पेस बार जाम झालाय. मी तेल घातलं, स्प्रिंग बदलली, स्वतः टाइप करून पाहिलं. मशीन ठीक होतं. उजव्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसलेला मला दिसला तो दोन महिन्यांनी, चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला तेव्हा.

जळगावच्या डॉक्टरांनी धुळ्याला पाठवलं, धुळ्याच्या डॉक्टरांनी पुण्याला. पुण्यात नाना एक्स-रेसाठी आत असताना मोठ्या डॉक्टरांनी मला आणि मामांना बोलावून सांगितलं. नसांचा रोग आहे. हात जातील, मग पाय, मग बोलणं आणि गिळणं, शेवटी श्वास. औषध नाही. दोन-तीन वर्षं.

माय बाहेर बाकावर बसली होती. ती भडगावकडची, घरात कायम खान्देशी बोलायची. तिने सगळं ऐकून घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "त्यास्ले काही सांगू नको. मानमा नस दबेल शे, इतकंच सांग."

"माय, ते विचारतील."

"इचारू दे. ज्याले माहीत नही तो जगस जास्त."

मामांनी मान डोलावली. मीही विरोध केला नाही. परतीच्या गाडीत मी यादी केली. नानांना काय सांगायचं: मानेत नस दबली आहे, वेळ लागेल. विद्यार्थ्यांना: खांद्याला मार लागला. मावशीला: साखर वाढली. कोणाला काय सांगितलं हे लिहून ठेवलं नाही तर खोटं टिकत नाही, एवढं मला कळत होतं. यादी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

खेळाची कल्पना माझी. त्याच्या दोन वर्षं आधी दिवाळीत मामांच्या मुलांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. त्यात एक रणगाड्यांचा खेळ होता. विटांच्या भिंतींमधून आपला रणगाडा फिरवायचा, समोरून येणारे रणगाडे उडवायचे आणि खाली मध्यभागी आपलं ठाणं असतं ते फुटू द्यायचं नाही. एक स्टेज संपलं की दुसरं, जास्त अवघड. नानांनी तो रिमोटसारखा डबा हातात घेऊन उलटासुलटा केला होता. त्यात सगळं दोन अंगठ्यांनी चालतं हे पाहून ते म्हणाले, "हा अंगठेबहाद्दरांचा खेळ आहे. आठ बोटं काय भाड्याने द्यायची?" मुलं हसली. मग चार दिवस दुपारी तेच खेळत बसले, मुलांना पाळी मिळेना. आठव्या स्टेजपर्यंत पोचले होते.

पुण्याहून आल्यावर ते गप्प झाले. बॅच घ्यायचे, मग खिडकीपाशी बसून बोटं मोजल्यासारखी हलवत राहायचे. त्यांच्या हाताला काहीतरी काम देणं भाग होतं. अंगठे तर गेलेले, म्हणजे टीव्हीचा गेम बाद. आमचा एक जुना विद्यार्थी धुळ्याला कॉम्प्युटरच्या दुकानात होता. त्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, टीव्हीवरचेच गेम आता कॉम्प्युटरवर चालतात. एक प्रोग्रॅम असतो, तो कॉम्प्युटरला टीव्ही गेमचं सोंग घ्यायला लावतो. कॅसेटमधलं सगळं एका फाइलमध्ये येतं." मी गुरुवारच्या सुट्टीत एसटीने धुळ्याला गेले आणि दोन फ्लॉपी घेऊन आले. रणगाड्यांची फाइल आमच्या प्रवेश अर्जाच्या फाइलपेक्षाही लहान होती.

आमचं मशीन जुनं, त्यामुळे खेळ रेंगाळत चालायचा. आवाजही गाळात बोलल्यासारखा यायचा. नाना म्हणाले, "याचा स्पीड मिनिटाला वीस शब्दांच्या वर दिसत नाही. नापास." पण तेच सोयीचं होतं. खऱ्या वेगाने तो खेळ त्यांना झेपला नसता.

मी सांगितलं की डॉक्टरांनी बोटांना व्यायाम द्यायला सांगितलंय. हे यादीत नव्हतं, त्याच दिवशी लिहून टाकलं.

दुपारी दोन ते चार क्लास रिकामा असायचा. बाहेर ऊन इतकं की खालच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. कूलर लावून आम्ही बसायचो. खेळाला पाच कळा लागतात: चार दिशा आणि गोळी. त्या प्रोग्रॅममध्ये एक पान होतं, तिथे कोणतं काम कोणत्या कळीला द्यायचं ते ठरवता यायचं. आधी चारही दिशा डाव्या हाताच्या चार बोटांना दिल्या आणि गोळी उजव्या तर्जनीला, जे या अक्षरावर. नाना मनगटं उचलून ताठ बसले, परीक्षेला बसल्यासारखे. पडद्याकडे बघायचे, कळांकडे कधीच नाही.

तीन आठवड्यांनी उजवी तर्जनी दबेना. मी म्हटलं, "मधल्या बोटाने दाबा ना जे."

"जे तर्जनीचं आहे."

"नाना, इथे कोण मार्क कापतंय?"

"मी कापतोय."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी ते पान उघडलं आणि गोळी जे या अक्षरावरून काढून के या अक्षराला दिली, म्हणजे मधल्या बोटाच्या कळीला. बोट आपल्या जागेवर राहिलं, काम त्याच्याकडे आलं. नानांना हे फार पटलं. "हे बरं आहे. बदली कामाची, माणसाची नाही," म्हणाले.

तेव्हापासून दर काही आठवड्यांनी बदली व्हायची. मी मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवली होती, कोणतं काम कोणत्या बोटाकडे, तारखेसकट. जुनी चिठ्ठी फेकायची नाही, तिच्यावरच नवी लावायची. डावी तर्जनी गेली. मग उजवं मधलं. नवल म्हणजे करंगळ्या शाबूत होत्या. आयुष्यभर नाना मुलांवर ओरडत आले होते की करंगळी आळशी आहे, तुझा ए फिका उमटतो, जोर लाव. आता त्याच दोघी सगळ्यांत जास्त काम करत होत्या. त्या चिठ्ठ्या मी पुण्याला जाताना डॉक्टरांना दाखवायला नेत असे. ते त्या उत्सुकतेने वाचत.

नानांनी मनात धरलं होतं की शेवटच्या स्टेजपर्यंत जायचं. धुळ्याचा विद्यार्थी म्हणाला होता, पस्तीस स्टेजेस आहेत. "पस्तीस झाले की समजेन हात सुधारला," असं ते मायला जेवताना सांगायचे. माय त्यांना भरवत असायची. सगळं होईल असा धीर देत ती म्हणायची, "व्हई ना. बठ्ठं व्हई." आणि माझ्याकडे बघायची.

म्हणून मी ते केलं. त्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक सोय होती. एफ-दोन दाबलं की खेळ त्या क्षणी जसा असेल तसा साठवला जायचा. पुढे रणगाडा उडाला तर एफ-चार दाबून पुन्हा तिथेच परतता यायचं, जणू काही झालंच नाही. मी त्यांच्या शेजारी बसायचे, माझा हात कीबोर्डच्या वरच्या रांगेवर. अवघड जागा आली की एफ-दोन. नानांचा शेवटचा रणगाडा गेला की लगेच एफ-चार. एक-दोन सेकंद पडदा हलायचा, एवढंच. नाना नवव्यावरून बाराव्यावर गेले, बाराव्यावरून सोळाव्यावर. चेहऱ्यावर रंग आला होता. क्लासातल्या मुलींना सांगायचे, "सोळा झाली, सोळा." मुली म्हणायच्या, "सर, बक्षीस काय मिळणार?" "तुमच्यासारख्या ढ पोरींपासून सुटका."

सतराव्या स्टेजवर त्यांनी हात कळांवरून उचलले.

"अक्का," ते मला अक्काच म्हणायचे, थोरली म्हणून. "खाली मघाशी इंग्रजीत काय आलं?"

साठवलं की पडद्याच्या तळाला दोन शब्द क्षणभर उमटायचे. माझ्या लक्षात होतं, पण मला वाटलं ते खेळण्यात गुंग असतात.

"काही नाही नाना. मशीनचं असतं."

"मशीनचं नाही. तुझा हात एफ-दोनवर जातो, मग ते येतं. मी पंचवीस वर्षं पोरांच्या हातांकडे बघतोय. वाचता येतं मला, स्टेट सेव्ह्ड. काय सेव्ह केलंस?"

मी सांगितलं. ते ऐकत राहिले.

"म्हणजे मी हरलो होतो."

"हो."

"किती वेळा?"

मला पाठ होतं. "दहाव्याला दोनदा. तेराव्याला. पंधराव्याला तीनदा. आणि आत्ता."

"माझ्या क्लासात रबर वापरलंस." आवाज चढला नव्हता. कूलरचं पाणी संपलं होतं आणि पंप कोरडा घरघरत होता, तो बंद करायला मी उठले. माझी पाठ असतानाच त्यांनी विचारलं, "आणि मानेतली नस?"

याचं उत्तर यादीत पहिल्याच ओळीत होतं. खरं म्हणजे एकच वाक्य म्हणायचं होतं, दबलीय नाना, आणि ते मी वर्षभर रोज म्हणत होते.

"मानेत काही नाही," मी म्हणाले.

"बस. सांग."

मी डिक्टेशन दिल्यासारखं सांगितलं, छोट्या वाक्यांत, मध्ये थांबून. त्यांनी रोगाचं नाव पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "स्पेलिंग." मी अक्षरं सांगितली. प्रत्येक अक्षराला त्यांच्या मांडीवर ज्या बोटात जीव होता ते हललं, ज्यात नव्हता तिथे थोडं थांबून ते पुढच्या अक्षराकडे गेले.

"किती?"

"दोन-तीन वर्षं म्हणाले होते. त्यातलं एक गेलं."

"गिळायचं?"

"तेही."

"श्वास?"

मी होकारार्थी मान हलवली. जिन्यावर चपला वाजल्या. चारच्या बॅचची पहिली मुलगी आली आणि दारातूनच म्हणाली, "सर, काल माझ्या मशीनची रिबीन अडकत होती."

"सात नंबरवर बस," नाना म्हणाले. "पाठ सरळ."

त्यांनी पूर्ण बॅच घेतली. साडेपाचला मुली गेल्यावर मला म्हणाले, "मायला कळू देऊ नको, मला माहीत झालंय ते."

"का? निदान तिला तरी आता..."

"ती दिवसभर काय करते? ताकदीची इंजेक्शनं आणते, तेल चोळते, आणि मला कळू देत नाही. यातलं तिसरं सगळ्यांत मोठं काम आहे. ते काढून घेतलं तर ती कशाच्या आधाराने उठेल?" मग मॉनिटरकडे मानेने खूण केली. "हे पहिल्यापासून लाव. आणि तो एफ-दोन काढ."

मी ते पान उघडलं आणि एफ-दोनसमोरची जागा रिकामी केली.

त्यानंतर ते नवव्या स्टेजच्या पुढे गेले नाहीत. पाचव्यावर येऊन थांबले, मग तिसऱ्यावर. थंडी पडली तेव्हा फक्त करंगळ्या उरल्या होत्या. दोन बोटांना पाच कामं देता येत नाहीत, तेव्हा दिशा मी घेतल्या. ते सांगायचे, "डावीकडे. वर. थांब," आणि गोळी स्वतः मारायचे. फेब्रुवारीत जीभ जड झाली आणि डावीकडे की खाली हे मला कळेना. मी चुकीच्या बाजूला गेले, त्यांनी गोळी मारली, आमचं ठाणं आमच्याच गोळीने फुटलं. ते हसले की काय ते नीट समजलं नाही. त्यानंतर आम्ही खेळलो नाही.

घरात मात्र सगळं पूर्वीसारखं चालू होतं. माय पायांना तेल चोळताना विचारायची, "कालथून बरं वाटस ना?" नाना पापण्या मिटून हो म्हणायचे. ती मागे वळून मला डोळ्यांनी सांगायची, बघ, कळलं नाही. मीही तशीच मान हलवायचे. एका खोलीत तिघं, आणि प्रत्येकजण कोणापासून तरी काहीतरी सांभाळून. मी पर्समधली यादी कधीच फाडली होती. आता लक्षात ठेवायची एकच गोष्ट उरली होती.

ते पुढच्या वर्षी गेले. टाइपरायटर मी एकेक करून काढले. कॉम्प्युटर क्लास वाढला, जागा बदलली.

माय नंतर पुष्कळ वर्षं होती. तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. नानांच्या दहाव्याच्या दिवशी भडगावच्या बायका भेटायला आल्या होत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोणीतरी विचारलं, फार सोसलं का त्यांनी. माय म्हणाली, "सोसं तर खूप. पन त्यास्ले शेवटलगून काहीच माहीत नव्हतं. तेवढं मी व्हऊ दिधं नही." मग माझ्याकडे वळली. "इले इचारा. ही व्हती ना संगे."

बायकांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "काहीच माहीत नव्हतं."